समाधानची नादारी

कपाच्या कानाला केसाएवढी चीर होती, तिच्याकडे बघत समाधान पुटपुटला, "पाणचट आहे. गल्फचा चहा म्हणे!" ममताला ऐकू जाईल, एवढ्याच आवाजात.

तिने दुसरा केला. दूध जास्त घालून. केला, याचंच तिला नवल वाटलं...

तिचा हा धाकटा भाऊ आठवड्यापूर्वी चिपळूणहून अल ऐनला तिच्याकडे आला होता, व्हिजिट व्हिसावर, नोकरी बघायला — आणि चेहऱ्यावर मोठ्या दुखण्यातून उठल्यासारखा तजेला. उठलाच होता म्हणा. हॉटेल मॅनेजमेंटसाठी काढलेलं कर्ज, नोकरीचा पत्ता नाही, दाराशी वसुलीवाले. शेवटी वकिलाने नादारीचा अर्ज करवला आणि कोर्टाने त्याला मोकळं केलं. त्याला झोप लागू लागली, अंग धरलं. ते ऐकून ममता फोन ठेवून रडली होती, आनंदाने, खोटं कशाला... नादारी कर्जदाराला सोडते, जामीनदाराला सोडत नाही, हे तिला पुढच्या महिन्यात बँकेच्या पाकिटाने कळवलं.

आणि जामीनदार ती स्वतः. बँकेच्या मॅनेजरने स्वतः उठून खुर्ची दिली होती — "बसा मॅडम, गल्फची सही, आम्हाला आणखी काय हवं?" दहावी नापास बाईला उभ्या जन्मात कुणी खुर्ची दिली नव्हती, तिने चार ठिकाणी सही केली, पाचवी जागा आहे का, तेही विचारलं. आता पैसे भरले नाहीत तर चिपळूणच्या तिच्या नावावरच्या घराला टाळं, आणि त्या घरात आई.

नवऱ्याने, राजनने, पाकीट वाचलं, घडी घातली, म्हणाला, "बघू." बुधवारी दोघांनी बँकेत जाऊन ठेव मोडली. बेचाळीस हजार दिरहम, म्हणजे जवळजवळ दहा लाख रुपये — लेकीच्या, आभाच्या इंजिनियरिंगचे. येताना गाडीत दोघं एसीबद्दल बोलले.

आज शुक्रवार, म्हणून सुरमई. समाधान खुशीत होता.

"काय इंजिनियर! लोन काढ सरळ. नाही फिटलं तर मामा आहे ना, अर्ज कसा लिहायचा ते शिकवतो!"

राजन हसला. ममताही हसली — ते हसू तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

आभा काटा काढत होती. "अँड हू विल साइन फॉर मी, मामा?"

"जेव आधी," राजन म्हणाला.

"यू बोथ वेंट टू द बँक, बाबा. आय सॉ द स्लिप."

समाधानने भात कालवायला घेतला. बराच वेळ कालवला. मग, घरात इंग्रजीशिवाय उत्तर न देणारी ती पोरगी आईकडे बघून मराठीत म्हणाली,

"मी कॉलेजला जात नाहीये. हो ना, आई?"

ममताच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं... आपल्याला बोलावं लागलं नाही, या विचाराने इतकं हलकं, इतकं हलकं वाटलं की तिने पटकन मान हलवली — आणि हलवता हलवता तिला कळलं, पोरीनेच हे म्हणावं म्हणून आठवडाभर ती दबा धरून बसली होती.