शेळीची घंटी

दादू टपालाचा रनर होता आणि आपण कशालाही भीत नाही, असं तो चारचौघांत सांगे. बायको मनुबाई ऐकण्याच्या टप्प्यात असली तर मात्र सांगत नसे.

माणगावहून मोटारीने आलेली थैली डोंगराच्या पायथ्याशी घ्यायची आणि खिंड ओलांडून समुद्राकाठच्या टपालघरात पळत पोचवायची, नऊ मैल. वाटेत चिटपाखरू भेटत नसे. सोबतीला सरकारी घुंगुरकाठी: टोकाला भाल्याचं पातं, खाली घुंगरांचा झुबका. काठी आपटत पळालं की जनावरं आवाजानेच वाट सोडत. वीस वर्षांत दादूला एकदाही उशीर झाला नव्हता, आणि पातं त्याने फणस फोडण्यापलीकडे वापरलं नव्हतं.

बावन्न सालच्या माघात घुंगरं गंजून गळून पडली. दादूने नव्या घुंगरांसाठी अर्ज दिला. अर्ज वर गेला. सरकारात वर गेलेला कागद काही नारळ नव्हे, आपोआप खाली पडायला. त्यातच बिबळ्याने वाडीतलं कुत्रं उचललं.

"मुकी काठी घेऊन खिंडीत जायाचं न्हाय," मनुबाईने बजावलं.

"मग थैली काय उडत जाईल? येक दिस चुकला तर दुसरा रनर ठेवतील!"

हे खरं होतं, आणि दादूला बिबळ्याइतकीच त्याचीही धास्ती होती. सकाळी मनुबाई पाण्याला गेली तशी त्याने चंद्री शेळीच्या गळ्यातली घंटी हळूच सोडली आणि काठीला बांधली. आवाजाला आवाज, असा त्याचा हिशेब.

खिंडीत शिरेपर्यंत घंटी छान किणकिणत होती. दुसऱ्या वळणावर मागे पाचोळा वाजला. दादूने वळून पाहिलं. करवंदीच्या जाळीशी बिबळ्या उभा होता, मान तिरकी करून. दादू पळाला, तो पाठोपाठ आला. दादू थांबला, तोही थांबला आणि खाली बसला.

तेव्हा कुठे दादूच्या डोक्यात उजेड पडला. घुंगरं वाजली म्हणजे माणूस आला, हे खिंडीतल्या सगळ्या जनावरांना ठाऊक. आणि शेळीची घंटी वाजली म्हणजे काय आलं, हेही त्यांना ठाऊक. आज तो स्वतःच आपलं ताट वाजवत आला होता.

पाय पळायला उतावीळ झाले. पण म्हाताऱ्या भागोजीने, त्याच्या आधीच्या रनरने, एकदा सांगितलं होतं, "वाघरू दिसलं तर पळायाचं न्हाय. पाठ दावायची न्हाय. जे पळतं ते त्याचं जेवान." त्या वेळी दादू हसला होता, "मी पळायचाच पगार घेतो, काका!"

आता हसू येत नव्हतं. त्याने घंटी सोडून दरीत भिरकावली. ती किणकिणत खाली गेली. बिबळ्याने तिकडे कान वळवला, मग पुन्हा दादूकडे पाहिलं. शेळीपेक्षा शेळीवाला अंगाने बरा, असं त्याचं मत झालेलं दिसलं.

भागोजीने आणखी सांगितलं होतं, मोठ्याने बोलायचं. पण काय बोलायचं? भीतीने दादूची मती गुंग झाली, आणि तोंडाला आलं ते वीस वर्षं रोज कानांवर पडलेलं.

"काय वो, टकामका काय बघताव? लाज न्हाय वाटत? घरात इकडची काडी तिकडं करायची न्हाय, आन् जेवायच्या टायमाला बराबर हजर! आईबापानं हेच शिकवलं काय?"

तो बिबळ्याला अहोजाहो करत होता, कारण मनुबाई दादूला तसंच बोले. "आईबापानं" म्हणताच बिबळ्याने डोळे मिचकावले. "बसून काय ऱ्हायलाव, उठा!" म्हणताच तो खरंच उठला आणि शेपूट झटकत जाळीत गेला.

बाकीची खिंड दादू उलटा चालत, तसाच बडबडत उतरला.

"पाऊण तास उशीर," टपालघराचे मास्तर म्हणाले. "कारण काय लिहू?"

"चालत आलो."

"रनर आणि चालत?"

"पळालो असतो तर थैली आली नसती, मास्तर," दादू म्हणाला आणि मटकन खाली बसला. मास्तरांनी कारणाची जागा कोरी सोडली आणि त्याला पाणी दिलं.

घरी पोचला तर मनुबाई दारातच, चंद्रीचा मोकळा गळा धरून. दादूने सगळं कबूल केलं, शिव्यांसकट. मनुबाईचं तोंड पांढरं पडलं.

"दोन शबूदांत वाघरू पळालं," ती म्हणाली. "मग तुमी वीस वरसं कसं ऱ्हायलाव?"

"त्याला सांजच्याला तुझ्या हातचं जेवायला यायाचं न्हवतं."

मनुबाईने डोळे पुसले, चुलीच्या धुराला नावं ठेवली आणि ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी दादू निघाला तर ती कोयता घेऊन अंगणात उभी. "घुंगरं येईस्तवर खिंड मी पार करून देनार. मुकाट चला."

आणि खिंड संपेपर्यंत ती बोलतच होती. बिबळ्या पुन्हा दिसला नाही. घुंगरं चैत्रात आली. दादूने ती मनुबाईला न सांगता माळ्यावर ठेवून दिली.