पंधरा किलोमीटरची पिकअप

मित्रांनो, मी भागुजींची जुनी पिकअप. जुनी म्हणा, माझी हरकत नाही. पण 'खटारा' म्हटलेलं मला मुळीच खपत नाही.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. भागुजींनी मला पारगावात आणलं, तेव्हा द्रौपदाबाईंनी माझ्या दारावर हात फिरवून नवऱ्याला "खरंच आपली हाय का ही?" असं दोनदा विचारलं. टोमॅटोचे क्रेट, खताच्या गोण्या, लग्नाची वऱ्हाडं, सगळं मी वाहिलं. चौदा एप्रिलला निळे झेंडे लावून मिरवणुकीच्या पुढे चालायचे, तेव्हाचा माझा रुबाब काय सांगू! पुढे त्यांच्या लेकीनं, कल्याणीनं, रोपवाटिका टाकली. टोमॅटो-फ्लॉवरची कोवळी रोपं ट्रेमधून ओतूरपर्यंत पोचवणं हे माझं काम झालं. कल्याणी मला स्वतः चालवते. क्लच हळू सोडते, खड्डा बघून गाडी घेते. अशी माणसं थोडी.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र माझी पार बेअब्रू झाली. घरून निघताना मी ठणठणीत असे. पंधरा-एक किलोमीटर गेले की ठसके लागत आणि मी भर रस्त्यात बंद पडे. अर्धा तास उभी राहिले की पुन्हा सुरू! तोवर मागे रोपांनी उन्हात माना टाकलेल्या असत. ओतूरच्या बाजारात लोक मला 'पंधरा किलोमीटरची पिकअप' म्हणू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंचरच्या आदेश मिस्त्रीनं हात टेकले. "ताई, डिझेल फिल्टर बदलला, पाइप फुकून काढले, पंप तपासला. आता इंजिनच खोलावं लागंल."

हे ऐकून भागुजींचा धीर सुटला. "पोरी, हिचं वय झालं. रविवारी भंगारवाला रामनाथ येतोय. न्हेऊ दे त्याला."

"आप्पा, रविवारला चार दिस हायेत," कल्याणी म्हणाली. "तवर गाडी माझी."

मला काय होतंय ते मला चांगलं ठाऊक होतं. पण एक हॉर्न सोडला तर मला वाचा कुठे आहे?

कल्याणीला एक सवय आहे. बी कधी पेरलं ते ती प्रत्येक ट्रेवर जाड पेननं लिहून ठेवते. त्याच पेननं ती आता माझ्या डॅशबोर्डवर लिहू लागली. बुधवारी, घरून पंधरा, बंद. गुरुवारी, घरून सोळा, बंद. शुक्रवारी तिनं नारायणगावच्या पंपावर डिझेल भरलं आणि मी तिथून थेट पंधरा किलोमीटर पुढे, ओतूरच्या अलीकडे थांबले. ती लिहिता लिहिता थबकली.

"म्हंजी मोजणी घरापासून न्हाई, पंपापासून," ती स्वतःशीच बोलली. "काटा बंद हाय म्हणून घरून निघतानाबी मी टाकीत डिझेल बघती. दोन्हीकडं झाकणच उघडतं की!"

ती खाली उतरली आणि तिनं माझ्या टाकीचं झाकण फिरवलं. सूऽऽऽ! कितीतरी वेळ हवा आत जात राहिली. तिनं चावी फिरवली आणि मी पहिल्या फटक्यात सुरू झाले.

झाकणाखाली काय होतं, सांगू? शेतात वाफ्यांवर अंथरतात तो चंदेरी प्लास्टिकचा मल्चिंग पेपर, दुहेरी घडी घालून! झाकणाचं रबर झिजल्यामुळे चढावर डिझेल उडायचं, आणि एकदा त्यानं दोन ट्रे रोपं जळाली होती. म्हणून भागुजींनी तो कागद बसवून झाकण घट्ट आवळलं होतं. सगळ्या घरानं त्यांची पाठ थोपटली होती. पण झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं. डिझेल संपत जातं तशी तिथून हवा आत यावी लागते. तेच छिद्र बुजलं, आणि इंजिनाला डिझेल मिळेनासं झालं. उभी राहिले की फटीतून थोडी थोडी हवा झिरपायची, म्हणून अर्ध्या तासानं मी पुन्हा सुरू व्हायचे.

संध्याकाळी कल्याणीनं तो तुकडा वडिलांच्या हातावर ठेवला. भागुजींनी तो उलटसुलट करून पाहिला.

"म्हंजी मीच हिचा गळा आवळला व्हता?"

"रोपं वाचावीत म्हणून केलंत, आप्पा. आन शाबासकी मीबी दिली व्हतीच की."

शनिवारी मला नवं झाकण बसलं. तरी रविवारी रामनाथ साखळदंड घेऊन अंगणात आलाच. शेजारपाजारचे लोकही बघायला जमले होते. भागुजी पुढे झाले आणि त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

"चहा घ्या, रामनाथराव. गाडी द्यायची न्हाई."

"का हो? बिघाड सापडला का?"

"सापडला," भागुजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बिघाड गाडीत न्हवता. माझ्या हातून झाला व्हता."

मित्रांनो, यंत्र थांबलं की लगेच त्याच्या वयाकडे बोट दाखवू नका. ते कुठे थांबतं, कशानंतर थांबतं, ते चिकाटीनं बघा. आणि आपल्याच हातांनी त्याला काय केलं होतं, तेही आठवा. भागुजींना ते चारचौघांत कबूल करता आलं, म्हणून आज मी रोपं भरून ओतूरच्या रस्त्यावर आहे.