फुरंगट्याचा उजवा हात

दादा वारले तेव्हा सांत्वनाची पत्रं आली ती फुरंगट्याच्या नावाने. "तुझे दादा गेले, रडू नकोस, जेवत जा," असं मुलांनी लिहिलं होतं, आणि मुलांच्या आयांनीही. दादांना म्हणून आलेलं एकच पत्र होतं. ते वाचनालयाचं होतं, पुस्तक परत करण्याविषयी.

फुरंगट्या हा कापडी बाहुला. टर्किश टॉवेलचं अंग, बुटाच्या ब्रशाचे केस लावलेल्या भुवया, आणि तोंड असं की मिटलं की रुसलेलं, उघडलं की भांडायला आलेलं. दर रविवारी सकाळी टीव्हीवर अर्धा तास तो कशावरून तरी रुसायचा. त्याचं लिखाण माझ्याकडे. माणूस कशाकशावरून रुसू शकतो याची यादी करण्यात माझी हयात गेली. संसारी असल्यामुळे विषयांची वाण कधी पडली नाही.

असला बाहुला चालवायला दोन माणसं लागतात. पहिल्याचा उजवा हात बाहुल्याच्या डोक्यात. तोंड तो हलवतो, आवाज तो काढतो, आणि त्याचा डावा हात हाच बाहुल्याचा डावा हात. उरलेला उजवा हात दुसऱ्या माणसाचा. या दुसऱ्या माणसाने पहिल्याच्या बगलेला चिकटून बसायचं, तो श्वास घेईल तेव्हा श्वास घ्यायचा, आणि शिंक आली तर गिळायची. आमच्याकडे पहिला माणूस म्हणजे दादा, आणि दुसऱ्याचं हे काम एक बाई करायची. बावीस वर्षं केलं. स्टुडिओत तिला सगळे 'उजवी' म्हणत, आणि तीही त्याच नावाला 'ओ' देई. श्रेयनामावलीत तिच्या एक ओळ वर सुतार होता आणि एक ओळ खाली चहावाला.

टेबलाला जमिनीपर्यंत काळं कापड असे, आणि दादांचा दंडक असा की कापडाआड त्या दोघांखेरीज कुणी पाऊल टाकायचं नाही. दादा सगळ्यांच्या आधी आत जात आणि सगळे गेल्यावर बाहेर येत. चॅनेलचे साहेब पाच वेळा बदलले, दंडक बदलला नाही. लोक म्हणत, कलावंताची लहर.

चार वर्षांपूर्वी मी तो दंडक मोडला. रेकॉर्डिंगच्या तोंडावर एक वाक्य बदललं होतं, ते सांगायला मी कापड उचलून डोकं आत घातलं. उजवी दादांच्या जागेवर होती. फुरंगट्याचं डोकं तिच्या हातावर. आणि दादा तिच्या बगलेला, एका उशीवर बसून, बाहुल्याच्या उजव्या बाहीत हात घालून. तो हात थरथरत होता. दादांना कंपवात झाला होता. डॉक्टरांनी आजाराचं नाव अगदी खात्रीने सांगितलं होतं. औषधाबाबत तेवढी खात्री नव्हती.

"लेखक," दादा म्हणाले, "बघितलंस?"

"बघितलं."

"आता नाही बघितलंस."

"आणि आवाज?"

"आवाज माझाच आहे. तो गेला की सांगतो."

तो गेला तेव्हा सांगणार कशाने? शेवटचं दीड वर्ष आवाजही उजवीचा होता. मी कान देऊन ऐकणारा माणूस, पण कुठल्या रविवारी तो बदलला हे मला आजही सांगता येणार नाही.

मी माझ्या परीने हातभार लावला. संहितेत लिहू लागलो: 'फुरंगट्याचा उजवा हात रागाने थरथरतो.' महिन्याभरात गावोगावची पोरं रागावली की उजवा हात थरथरवू लागली. एका पेपरात छापून आलं की ही अभिनयाची परमावधी आहे. दादांनी ते कात्रण उजवीला दिलं. ती म्हणाली, "हे तुमचं आहे, हात तुमचा आहे," आणि त्यांच्याच खिशात घालून ठेवलं.

हे सगळं ठाऊक असलेली माणसं तीन. उजवी, मी आणि वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी. वहिनी रोज सकाळी दादांच्या शर्टाची बटणं लावून त्यांना गाडीत बसवत, आणि स्टुडिओच्या दारात हसून सगळ्यांना म्हणत, "आज स्वारी फॉर्मात आहे बरं का!"

दादा गेल्यावर दोन महिन्यांनी चॅनेलने ठरवलं की माणूस गेला तरी बाहुला जाता कामा नये. नवा माणूस निवडायला तिघांची समिती नेमली. एक चॅनेलचे साहेब, वय चौतीस. ते फुरंगट्या बघत लहानाचे मोठे झालेले, त्यामुळे त्यातलं आपल्याला कळतं अशी त्यांची समजूत होती. गाढ झोप येते म्हणून कुणी गाद्या शिवायला घेत नाही, पण ते असो. दुसऱ्या वहिनी, घरच्यांची संमती म्हणून. तिसरा मी, समिती तिघांची असते म्हणून. उमेदवार चाळून दोन उरले: उजवी, आणि दादांचे जावई. जावई रेडिओवर निवेदक होते.

चाचणीच्या सकाळी उजवीने मला जिन्यात गाठलं.

"भाऊ, आज सांगून टाकणार आहे."

"काय?"

"जे आहे ते. दादांनी शब्द घेतला होता, ते असेपर्यंत बोलायचं नाही. आता ते नाहीत."

"विचार केलायस ना नीट?"

"चार वर्षं दुसरं काय केलंय? भाऊ, मला डोकं हवंय. नाव नको, मुलाखत नको, काही नको. अठ्ठेचाळीसची झाले मी. घरी भाजी निवडतानासुद्धा माझी बोटं त्याच्या तोंडासारखी मिटतात. दुसऱ्याच्या हातावर तो बोलताना मला नाही बघवणार."

"आणि नाही विश्वास बसला त्यांचा तर?"

"तुम्ही आहात की."

"आहे की," मी म्हणालो. हे वाक्य मी फार छान म्हणालो. मला स्वतःलासुद्धा धीर आला.

आत साहेबांनी पडदा लावला. म्हणाले, "आधी मूळ बघू. तुलनेला काहीतरी हवं." आणि त्यांनी एकतीस वर्षांतून निवडून एक टेप लावली. गेल्या वर्षीची. आपण का रुसलोय हे कुणी विचारतच नाही म्हणून फुरंगट्या रुसतो, तो भाग. चाळीस सेकंद एक शब्द नाही. नुसता आपल्याकडे पाठ करून बसलेला, आणि टॉवेलची ती मान हळूहळू खाली जाते, मध्येच थांबते, कुणी येतंय का याचा कानोसा घेते, आणि पुन्हा खाली जाते.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मान रडते हो! नुसती मान! हे दादा. हे आता पुन्हा होणे नाही."

वहिनींनी डोळ्यांना रुमाल लावला. उजवी खुर्चीच्या टोकावर बसली होती.

"एकच खटकतं," साहेब तिच्याकडे वळून म्हणाले. "हा उजवा हात. तो तुमचाच ना? राग मानू नका, पण जरा जास्त होतोय. दादा इतकं जपून काम करतायत, आणि हा मध्येच आपला थडथड थडथड."

मला वाटलं ती आता हसेल. हसली नाही.

"साहेब, ते डोकं माझं आहे," ती म्हणाली.

साहेबांचे डोळे पुन्हा भरून आले. "बघा! याला म्हणतात निष्ठा. बावीस वर्षं एकत्र काम केल्यावर माझं-तुझं राहतच नाही."

"तसं नाही साहेब. डोक्यात हात माझा होता. आवाज माझा होता. दादांचा तो उजवा हात. त्यांना बरं नव्हतं, म्हणून आम्ही जागा बदलल्या होत्या."

साहेबांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी रुमाल घडी करून मांडीवर ठेवला.

"फार जीव होता हिचा ह्यांच्यावर," त्या इतक्या मायेनं म्हणाल्या, की ऐकून कुणालाही उजवीची कीव यावी. "अजून सावरली नाहीये पोर."

"लेखक, तुम्ही तर पहिल्यापासून आहात," साहेब म्हणाले. "हे काय आहे?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. उजवी तर निर्धास्त बघत होती. आणि वहिनी बघत होत्या ते माझ्या शर्टाच्या बटणाकडे.

"कापडाआड जायची आम्हाला परवानगी नव्हती, साहेब," मी म्हणालो.

यात खोटं एक अक्षर नाही. परवानगी नव्हतीच. वाक्य कसं लिहावं हे शिकण्यात माणसाची उमर जाते, आणि मग एके दिवशी ते असं एका दमात जमून येतं.

उजवीने फुरंगट्या हातावर चढवला आणि तेच दृश्य करून दाखवलं. तीच मान, तोच कानोसा, तेच चाळीस सेकंद.

"छान," साहेब म्हणाले. "बसवलंय चांगलं. पण टेपमधली ती मान... ती काही येत नाही. येणारही नाही, तुमचा दोष नाही. आणि हाताचं मी म्हटलं ते तेवढं ध्यानात ठेवा."

"त्या हाताला नावं ठेवू नका," उजवी म्हणाली. "तो हात फार चांगला होता."

साहेबांनी कागदावर लिहिलं: सूचना घेण्याची तयारी कमी.

मग जावई आले. आवाज खणखणीत होता, फक्त शब्द संपल्यावर तोंड उघडत होतं. त्यामुळे फुरंगट्या बोलतोय असं न वाटता त्याला आपलंच बोलणं ऐकून आश्चर्य वाटतंय असं वाटे. "कला रक्तातच असावी लागते," साहेब म्हणाले. जावयाच्या अंगात सासऱ्याचं रक्त कुठून आलं, हे समितीपुढे निघालं नाही.

बाहेर वहिनींनी मला थांबवलं. म्हणाल्या, "मला माहितीये तुम्ही काय म्हणत असाल मनात. पण हिला डोकं दिलं असतं तर लोकांनी जुन्या टेपा लावून बघितल्या असत्या. मग ह्यांनी शेवटची चार वर्षं केलं काय? तर थरथरले. एवढंच उरलं असतं ना मागे?"

मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी ते त्यांनी ठरवावं, अशी.

उजवीला उजवा हात पुन्हा मिळाला. तिने तो घेतला, फुरंगट्याला दुसऱ्याच्या हाती देऊन घरी बसणं तिला जमलं नाही. वर जावयाला शिकवायचं कामही अंगावर पडलं. ती टेप लावून समोर बसे. "असं नाही जावईबापू. दादा काय करतात बघा. मान टाकायच्या आधी जरा थांबतात." 'दादा' म्हणताना तिची जीभ एकदाही अडखळली नाही. जावई म्हणत, "सासरेबुवा म्हणजे ग्रेटच!" ती म्हणे, "हो ना."

पहिल्या भागानंतर भानगड लक्षात आली. डोकं बोलायचं आणि लोक हाताकडे बघायचे. हात विचार करायचा, हात लाजायचा, हात समोरच्याला टाळायचा. डोकं त्या हाताला बांधलेलं गाठोडं दिसे. साहेब म्हणाले, हात कमी करा. तिने कमी केला, नुसता टेबलावर ठेवून दिला. तर तो ठेवलेला हातसुद्धा रुसलेला दिसायचा. जावयांनी घरी तक्रार केली, घरून ती चॅनेलला गेली, आणि तिसऱ्या आठवड्यात निर्णय आला: फुरंगट्याला खिसा लावा, उजवा हात त्या खिशात घालून शिवून टाका. एका माणसात काम भागेल. लेखकाने तसं एक वाक्य घालून द्यावं.

मी घालून दिलं. 'आजपासून माझा हातसुद्धा माझ्यावर रुसलाय. खिशातून बाहेरच येत नाही.' साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी फोन केला.

शिवायचं काम कपडेपटातल्या मुलीकडे होतं, पण जुना टॉवेल तिच्या हातून फाटला असता. म्हणून उजवीनेच शिवलं. सेटच्या कडेला स्टुलावर बसून, फुरंगट्याला मांडीवर पालथा घेऊन, बारीक दुहेरी टाका घातला. शेवटी ओढून बघितलं, सुटत तर नाही ना. मी शेजारी उभा होतो.

"खिशाचं वाक्य तुमचंच ना?" तिने वर न बघता विचारलं.

"हो."

"चांगलंय. हसतील लोक."

तिने दोरा दातांनी तोडला, बाहुला टेबलावर नीट बसवला, पर्स खांद्याला लावली आणि सुई माझ्यापुढे धरली.

"एवढी कपडेपटात द्याल? मला तिकडून जायचं नाहीये."

मी सुई घेतली आणि लगेच नेऊन दिली. टोचू नये म्हणून कागदात गुंडाळून दिली.