जळक्या मोटरची तार

दिंडोरीच्या मळ्यातली मोटर जळली, तेव्हा मनीषानं असा हंबरडा फोडला की शेजारपाजारचे धावत आले. मोटर जळली म्हणून कुणी एवढं रडतं का हो? पण ती मोटर जयरामनं भरलेली होती. जयराम म्हणजे तिचा नवरा. लोकांच्या जळक्या मोटरी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी तांब्याची तार वेढ्यावेढ्यानं भरायची, हा त्याचा धंदा. घरच्या विहिरीवरची ही त्यानं भरलेली शेवटची. तो परसाल गेला, मोटर मात्र चालत राहिली. लाइट आली की मनीषा हातातलं काम टाकून विहिरीवर जायची अन् मोटरीची घरघर ऐकत बसायची. लोक म्हणत, बाई पाण्याची राखण करते. कशाचं पाणी अन् कशाची राखण! तिला त्याची आठवण यायची, दुसरं काय.

मोटर भिकाच्या दुकानात भरायला टाकली. जुनी तार दुकानदारानं मोडीत घालायची, हा रिवाजच. पण मनीषा हटून बसली.

"तार मला परत पायजे. सगळी."

"वहिनी, जळकी तार ती, काय करणार तिचं?"

"लोणचं घालीन! तुला काय करायचंय?"

भिकानं मुकाट्यानं तार पिशवीत भरून दिली. पिशवी फडताळात पडून राहिली. मग एक दिवस तिची नववीतली मुलगी, हर्षाली, म्हणाली, "आई, शाळेच्या प्रदर्शनात विद्युतचुंबक करायचाय. पप्पांच्या तारेचा करू?"

"चालंल ती पुन्हा?" मनीषानं एकदम मान वर केली.

"चालंल की. खिळ्याला तार गुंडाळायची अन् सेल जोडायचा. तारेतून वीज फिरते तोवर खिळा चुंबक होतो."

दोघींनी तार गच्च गुंडाळली, सेल जोडला, खिळा टाचण्यांजवळ धरला. कशाचं काय! सेल तापला, टाचण्या ढिम्म. मनीषाचं तोंड एवढंसं झालं. "मेलीच गं ती. माणसामागं तीबी गेली."

दुसऱ्या दिवशी हर्षाली शाळेतून पळतच आली. "आई, तार मेली नाय! प्रतिभा मॅडम म्हणाल्या, वरचं वार्निश जळालंय. उघड्या वेढ्याला उघडा वेढा लागला, की वीज फेरे घेतच नाय. जवळच्या वाटेनं निसटते. अन् फेरे नाय तर चुंबक नाय. नवी तार आणा म्हणाल्या."

"नवी नको," मनीषा म्हणाली.

"मीबी तेच म्हटलं."

"म्हणजे वेढ्याला वेढा लागू द्यायचा नाय, एवढंच ना? आण तो शिलाईचा दोरा."

द्राक्षाच्या काड्या बांधण्यात मनीषाचा हात धरणारं कुणी नव्हतं. तारेवर ती दोरा असा गुंडाळत गेली की तांबं कुठं दिसेना. तारेत अजून जयरामच्या हातची वळणं होती. ती सरळ करताना तिचा जीव तुटत होता. पण केली.

उद्या प्रदर्शन, अन् आज दिवेलागणीला खिळा तयार झाला, सेलला दाबायचं बटणही बसवून झालं. हर्षालीनं जयरामची स्क्रूंची डबी उघडली, खिळ्याचं टोक आत धरलं. मनीषानं बटण दाबलं. टक्! एक स्क्रू चिकटला, त्याला दुसरा, त्याला तिसरा. मनीषा रडायला लागली अन् हसायलाही. अंगठा उचलला, सगळे खाली पडले.

"परत धर," ती म्हणाली.

परत धरलं. मग आणखी एकदा. पुढच्या वेळी तिनं बटण सोडलंच नाही.

"आई, बास. असं दाबून धरलं तर सेल संपंल. उद्या प्रदर्शन हाय."

"संपू दे. सेल नवा मिळतो."

हर्षालीनं आईकडं बघितलं. मग तिच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला, अन् स्क्रू गळून पडेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.