बिनसाखरेचे घर

वच्छलाबाईंनी कुकरच्या झाकणाची शिटी काढली, रबर काढले आणि तळाशी दोन वाट्या मीठ पसरले. एरवी त्यांनी वाळूवर भागवले असते, पण आज वाढदिवस होता. मिठावर उपडी वाटी, वाटीवर ताटली आणि ताटलीत बारा बिस्किटे. बिस्किटांना हाडकाचा आकार द्यायचा, असे बंगळुरूहून लेकीचे सांगणे होते. त्यांनी तो चाकूने जमेल तसा दिला.

नवऱ्याने, चैतरामनी, वाकून पाहिले. "हे त बैलाचं जू दिसून राहिलं."

"तुमाले खायचं नाही न जी. ज्याले खायचं, थो पाहील."

ज्याला खायचे होते तो ओट्याखाली पुढच्या पायांवर हनुवटी टेकून बसला होता. लांब कानांचा, तपकिरी-पांढरा, नाव टोफू. लेकीने, टीनाने, तो बंगळुरूच्या फ्लॅटात हौसेने पाळला आणि दोन वर्षांपूर्वी नवी नोकरी लागली तेव्हा "पंधराच दिवस ठेवा" म्हणून गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याजवळच्या या घरी आणून सोडला. ते पंधरा दिवस अजून चालू होते. टोफू म्हणजे काय हे गावात कोणाला ठाऊक नसल्याने तो आठवड्यातच टोपू झाला. कुत्रा अंगणातच राहील, असे पहिल्या दिवशी बजावणाऱ्या चैतरामच्या खाटेवर तो पहिल्याच थंडीत चढला. आता चैतराम शेतात धानाच्या बांधीवर जायला निघाले की तो आधी फाटकाशी उभा असे. घरात चैतरामचे ऐकणारा तो एकटाच होता, आणि चैतरामना याची पूर्ण कल्पना होती.

टीनाने पाठवलेली यादी वच्छलाबाईंनी जुन्या कॅलेंडरच्या मागे उतरवून घेतली होती. चॉकलेट नको. मनुका नको. कांदा, लसूण नको. साखर नको, गूळ नको. चालेल ते: कणीक, लाल भोपळा, एक अंडे. अंडे नंदाबाईच्या कोंबडीचे आणले होते, तेही चालत जाऊन, कारण यांचे घर शेताच्या कडेला आणि नंदाबाईचे घर गावाच्या तोंडाशी. प्रत्येक ओळीपुढे त्यांनी बरोबरची खूण केली होती. यादी पाळण्यात वच्छलाबाईंचा हात धरणारे त्या पंचक्रोशीत कोणी नव्हते.

याचा दाखला घरातल्या कॅलेंडरांवरच होता. दोन वर्षांपूर्वी चैतरामना मधुमेह निघाला, त्या दिवशी संध्याकाळच्या आत घरातला साखरेचा आणि गुळाचा डबा नंदाबाईकडे रवाना झाला. भात बंद झाला. एकट्या चैतरामचा नव्हे, दोघांचा. चार एकरांत धान पिकवणाऱ्या घरात दोन ताटांत पोळ्या पडू लागल्या. "तुमच्यासमोर मी भात खाऊ काय?" एवढेच त्या म्हणाल्या होत्या. दर तीन महिन्यांनी तपासणीचा आकडा कॅलेंडरवर गोल करून लिहिला जाई. तो काही उतरत नव्हता. वच्छलाबाईंनी आधी बटाट्यावर संशय घेतला, मग पेरूवर, मग भोपळ्यावर आणि शेवटी घरातल्या साखर मोजायच्या मशीनवर.

"मशीनच खराब आहे," त्या म्हणत.

"असल," चैतराम म्हणत. बटाट्याच्या वेळीही ते तेच म्हणाले होते.

बिस्किटांचे पीठ मळताना वच्छलाबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिले होते. मातकट लागले. वाढदिवसाचे असे बेचव कसे घालायचे, असे वाटून त्या फळीपुढे थोडा वेळ उभ्या राहिल्या. फळीवर दिवाळीत टीनाने वडिलांसाठी पाठवलेली पांढऱ्या भुकटीची पिशवी होती. साखर नाही, तरी गोड. चैतरामनी ती चहात दोनदा घेतली, तोंडात बर्फ ठेवल्यासारखे लागते म्हणाले, आणि तेव्हापासून चहा बिनगोडाचाच पिऊ लागले. त्यांच्या या संयमाचे वच्छलाबाईंना मनातून कौतुक होते. पिशवी तशीच भरलेली राहिली. यादीत साखर नको होती. हिच्यात साखर नव्हती. शिवाय पाठवली होती टीनानेच. त्यांनी चार चमचे भरून घातले आणि भोपळ्याच्या ओळीखाली तेही नीट लिहून ठेवले.

चार वाजता टीनाचा व्हिडिओ कॉल आला. चैतरामनी फोन पाण्याच्या गुंडीला टेकवून उभा केला. टोफूच्या गळ्यात रिबीन होती. फोनमधून टीनाने वाढदिवसाचे गाणे म्हटले, तेव्हा त्याने फोनकडे नव्हे, चैतरामकडे पाहिले.

"अजून ओळखतो ना रे मला?" टीना म्हणाली.

"ओळखते न," चैतराम घाईने म्हणाले. "आता त्याचं ध्यान बिस्किटावर आहे."

पहिले बिस्कीट त्याने चावलेही नाही. दुसरे, तिसरे, चौथेही गेले. वच्छलाबाई पदराने चेहरा पुसत फोनसमोर आल्या.

"आई, भारी झालेत गं. इतक्या आवडीने तर तो माझ्या हातचं पण खात नव्हता. काय काय टाकलंस?"

"तुया यादीपरमाणंच. कणीक, कोंबडीचं अंडं, भोपळा. अन् गोडाले हे." त्यांनी पिशवी फोनपुढे धरली. "साखर नाही बरं."

टीनाचा चेहरा जागच्या जागी थांबला. चैतरामना वाटले, नेटवर्क गेले. इथे ते नेहमीच जाई. पण तिच्या मागच्या कुंडीतले पान पंख्याच्या वाऱ्याने हलत होते.

"आई, ते कुत्र्यांना विष असतं."

टोफूने पाचव्या बिस्किटासाठी ताटलीकडे मान वळवली. चैतरामनी ताटली उचलून डोक्याच्या वर धरली आणि तशीच धरून उभे राहिले.

"तूच त पाठवली होती," वच्छलाबाई म्हणाल्या.

"बाबांसाठी पाठवली होती, आई. माणसांना चालते." टीनाचा आवाज बारीक झाला होता. "यादीत लिहायला पाहिजे होतं. मला आठवलंच नाही, तुमच्याकडे ती आहे. थांबा, मी इथल्या डॉक्टरांना विचारते. फोन मोकळा ठेवा."

चैतरामनी ताटली फळीवर ठेवली आणि स्वतःच्या फोनवरून जनावरांचे डॉक्टर ओमेश यांना फोन लावला. ते जिल्ह्यातल्याच प्रतापगडच्या पायथ्याला एका गोठ्यात होते.

"काका, माझा हात म्हशीच्या पोटात आहे," डॉक्टर म्हणाले. "फोन मालकानं धरला माझ्या कानाले. वासरू आडवं आहे. मी अर्ध्यातून हात नाही काढू शकत."

"मंग आमी काय करू?"

"मी सुटलो की निघतोच. तासभर तरी लागेल. गाडीवर घालून निघू नका, रस्त्यात चुकामूक व्हायची."

पंधरा मिनिटांत टोफू उठला, दाराकडे चार पावले गेला आणि ओकला. चैतराम त्याच्याजवळ बसले. ओकून झाल्यावर तो ओशाळल्यासारखा त्यांच्याकडे पाहत राहिला, मग परत फिरला. पण मागचे पाय त्याच्यासोबत फिरले नाहीत. दारूच्या नशेत उतारावरून येणाऱ्या माणसासारखा तो भिंतीला टेकला आणि तिथेच खाली सरकला.

वच्छलाबाई यादी हातात घेऊन उभ्या होत्या. त्या वरून खाली वाचत होत्या, पुन्हा वरून खाली. कुठेही चूक नव्हती.

फोन वाजला. टीना रडून घेऊन बोलत होती, हे ऐकू येत होते.

"डॉक्टर म्हणतात त्याच्या अंगातली साखर एकदम उतरते. गोड द्या. साखर नाहीतर गूळ, घट्ट पाण्यात कालवून बोटाने हिरड्यांना चोळा. पाजू नका, ठसका लागेल. पण लगेच, आई. आत्ता."

"साखर," वच्छलाबाई म्हणाल्या.

त्यांनी फळीकडे पाहिले. तिथे हळद होती, मेथीदाणे होते, जांभळाच्या बियांची पूड होती. दोन वर्षांत या घरात गोड वस्तू आली नव्हती, आणि आली नव्हती ती त्यांच्यामुळे. त्यांनी यादी ओट्यावर ठेवली आणि पायात चप्पल सरकवली.

"नंदाबाईकडून आणतो. आत्ता जातो अन् येतो."

त्यांना जायला-यायला वीस मिनिटे लागत, हे चैतरामना माहीत होते. त्यांच्या मांडीवर टोफूचे डोके होते. त्याचे डोळे उघडे होते, पण ते कशाकडे पाहत नव्हते. पोट भराभर हलत होते. वच्छलाबाई फाटकापर्यंत पोचल्या होत्या.

"थांब," चैतराम म्हणाले.

त्या थांबल्या.

"नोको जाऊ. त्याचं डोस्कं धर इकडं येऊन."

वच्छलाबाईंनी येऊन डोके धरले. चैतराम आतल्या खोलीत गेले. तिथे पत्र्याची पेटी होती, जमिनीच्या कागदांची. तिची चावी त्यांच्या करदोड्याला असे, आणि ती पेटी वच्छलाबाईंनी कधी उघडली नव्हती, कारण उघडण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना कधी वाटले नव्हते. कुलूप उघडल्याचा आवाज आला. कागद बाजूला ठेवल्याचा आवाज आला. चैतराम बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात जुना औषधाचा डबा होता. झाकणाखाली मुंग्या जाऊ नयेत म्हणून पातळ फडके बांधलेले होते. गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी ती दाताने सोडली.

आत गूळ होता. सुपारीएवढे खडे, सगळे एका मापाचे. सवडीने फोडलेले.

वच्छलाबाईंनी डब्याकडे पाहिले. मग नवऱ्याकडे पाहिले नाही. हात पुढे करून त्यांनी दोन खडे उचलले, वाटीत टाकले आणि अंगठ्याने पाण्यात कुस्करू लागल्या.

"वरचा ओठ उचला," त्या म्हणाल्या.

चैतरामनी उचलला. वच्छलाबाईंनी बोट बुडवून हिरड्यांवर फिरवले, आतून, गालाच्या कडेने. पुन्हा बुडवले. महामार्गावरून ट्रक गेले. भोपळ्याचा खरपूस वास अजून घरात होता. बोलण्यासारखे फारच साचले होते, पण मध्ये टोफू होता. मध्येच चैतराम म्हणाले, "थे भुकटी मी संपवली असती त..." आणि पुढचे वाक्य त्यांनी सोडून दिले. वच्छलाबाईंनी तिसरा खडा कुस्करला.

डॉक्टर आले तेव्हा उन्हे उतरली होती आणि डब्यातले नऊ खडे संपले होते. डॉक्टरांच्या बाहीवर म्हशीचे रक्त होते. त्यांनी टोफूच्या पापण्या पाहिल्या, छातीला नळी लावली.

"काकांची साखर मोजायची मशीन असेल न घरात?"

"आहे," वच्छलाबाई म्हणाल्या. "पण थे खराब आहे."

डॉक्टरांनी टोफूच्या कानाच्या कडेला टोचून थेंब काढला. मशीनवर आकडा आला. मग त्यांनी स्वतःच्या बोटाला टोचले, तोही आकडा पाहिला आणि मशीन परत दिली.

"अगदी बरोबर चालते, काकू. कुत्र्याचं जरा कमी दाखवते, तेवढंच. याची साखर कमीच आहे, पण गुळानं धरून ठेवलं. नाहीतर मी येऊन काही उपयोग नव्हता."

वच्छलाबाईंनी मशीन हातात घेतली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या. चैतराम टोफूची रिबीन सोडण्यात गुंतले होते.

सलाईनची बाटली खुंटीला टांगली गेली. त्या भुकटीचा यकृतावर काय परिणाम झाला ते आज सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. उद्या रक्त गोंदियाला पाठवू. जगला तर हळूहळू चालेल. तोवर अर्ध्या-अर्ध्या तासाने मशीन लावा, आकडा उतरला तर गूळ चोळा आणि मला फोन करा. करण्यासारखे तेवढेच आहे.

ते गेल्यावर फोन वाजला. टीनाला सगळे पहिल्यापासून ऐकायचे होते. वच्छलाबाईंनी सांगितले.

"पण आई, घरात गूळ कुठून आला? तू तर सगळं देऊन टाकलं होतंस."

चैतरामची बोटे टोफूच्या कानावर थांबली.

डबा खिडकीत होता, झाकण उघडे, फडके बाजूला पडलेले. वच्छलाबाईंनी त्यातले उरलेले खडे नजरेने मोजले.

"नंदाबाईकडून आणला," त्या म्हणाल्या.

"इतक्या लवकर? मावशीला थँक्यू सांग माझ्याकडून. खूप खूप थँक्यू."

"सांगतो."

त्यांनी फोन ठेवला. टोफूच्या फासळ्यांवर चैतरामनी तळवा ठेवला होता. श्वास वर येई, मध्येच थांबल्यासारखा होई, आणि तेवढा वेळ चैतरामही श्वास घेत नसत.

वच्छलाबाई स्वयंपाकघरात गेल्या. उरलेली आठ बिस्किटे त्यांनी कागदात बांधली, त्यावर पुन्हा कागद गुंडाळला आणि पुडके उंच फळीवर, कोणाच्या हाती लागणार नाही असे ठेवले. कुकर घासला, रबर बसवले, शिटी बसवली. मग कोपऱ्यातल्या पिंपाचे झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि पाण्यात दाणे धुण्याचा. दोन वर्षांत या घरात तो आवाज झाला नव्हता. चैतरामनी मान वर केली.

"किती तांदूळ टाकून राहिली?" त्यांनी बसल्या जागेवरून विचारले.

पाणी ओतल्याचा आवाज झाला. झाकण लागले.

"माझ्यापुरते."