नाण्यावरचा मुलगा

आफियाने दोरीला हिसका दिला आणि गिरमिट संगमरवरावर घरघरलं. पापियासने ते दोन्ही हातांनी दगडाच्या कपाळाशी, केसांच्या कडेला धरलं होतं. एकाने धरायचं, दुसऱ्याने दोरी ओढायची. ओढणाऱ्या गड्याला फौजेत धरून नेल्यापासून दोरी आफियाच्या, पापियासच्या बायकोच्या, हातात आली होती.

"केस झाले," तो म्हणाला. "आता चेहरा."

दोरी थांबली.

"चेहऱ्याला हात लावू नका."

दगडातला मुलगा सात वर्षांचा होता. गेल्या उन्हाळ्यात सम्राटाच्या लेकाचं डोकं घडवायचा हुकूम आला, तेव्हा नमुना म्हणून फक्त एक नाणं आलं होतं. त्यावरचा राजपुत्र मसुराच्या दाण्याएवढा. नाक कुठे संपतं आणि ओठ कुठे सुरू होतो, देव जाणे. उरलेलं पापियासने स्वतःच्या घरातून भरलं. त्यांच्या मुलाचा, झोसिमचा, जरासा वर उचललेला ओठ. झोसिमच्या डाव्या भुवईतली खोक, विहिरीच्या पायरीवर पडून झालेली. ती धुताना तो म्हणाला होता, "आई, आधी माझे डोळे झाक." झोसिम साथीत जाऊन तेव्हा चाळीस दिवस झाले होते. डोकं चौकात बसलं आणि आफिया पाण्याला लांबच्या वाटेने जाऊ लागली.

आता तो सम्राट मुलासकट मारला गेला होता, स्वतःच्याच सैनिकांकडून. नव्या सम्राटालाही तेवढ्याच वयाचा मुलगा होता. नगरसभेने नवं नाणं आणि जुनं डोकं एकाच गाडीतून पाठवलं होतं: जुन्याचाच नवा राजपुत्र करा.

"या नाण्यावर तरी काय दिसतंय?" आफिया म्हणाली. "आखूड केस, एवढंच ना? केले तुम्ही आखूड. कुणाला कळणार आहे?"

"कळण्याचं नाही गं." पापियासने छिन्नीची धार अंगठ्यावर पाहिली. "हाही सम्राट किती दिवस टिकेल? मग लोक हे डोकं फोडणारच. त्यापेक्षा चेहरा आज इथे, माझ्या हातून जाऊ दे. तू बाहेर जाऊन बस. चौकात गेला की तो आपला राहत नाही."

"एकदा पुरलंय मी त्याला."

पापियासने छिन्नी खाली ठेवली आणि ओल्या फडक्याने मुलाच्या गालावरची भुकटी पुसली.

दुसऱ्या दिवशी नगरसभेचा कारभारी मेनिप्पस ऑलिव्ह चघळत आला. नाणं डोक्याशेजारी धरून त्याने एक डोळा मिटला.

"हुबेहूब! आधीचा जरा गावठीच होता रे. हा बघ, रक्तच वेगळं." त्याने बी थुंकली.

आफियाने तोंडावर हात धरला. झोसिम गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती.

तो दगडी मुलगा पाच महिने चौकात राहिला. एकदा त्याच्या गालावर कबुतराची घाण दिसली, तर तिने घागर टेकवून ती आपल्या वस्त्राच्या टोकाने पुसली.

"दृष्ट लावशील गं राजपुत्राला," शेजारची तातिया म्हणाली. "रोज काय बघतेस एवढं?"

"देखणा आहे," आफिया म्हणाली.

पेरण्या आटोपल्या आणि बातमी आली. हाही सम्राट गेला, मुलगाही गेला. आता जो आला त्याला मूलबाळच नव्हतं, म्हणजे डोकं कुणाच्या कामाचं उरलं नाही. मग गावचा रिवाज होताच. डोकं चौकात जमिनीवर ठेवायचं आणि घरटी एकाने एक घाव घालायचा. मेनिप्पस नावांची यादी घेऊन उभा राही. जो मारणार नाही तो मेलेल्याच्या बाजूचा. तीन सम्राटांपूर्वी एका म्हाताऱ्या सम्राटाच्या दगडी डोक्यावर आफियानेही घाव घातला होता. नाक उडालं तेव्हा लहानगा झोसिम पापियासच्या कडेवर टाळ्या पिटत होता.

रांग कारंज्यापर्यंत गेली होती.

"कान शेवटी फोडा रे! ऐकू दे जरा शिव्या!"

"माझी पोरं कोंडा खातायत," तातिया ओरडली, "आणि याचे गाल बघा कसे भरलेत!"

पापियास मान खाली घालून रांगेच्या शेवटी उभा होता. आफिया त्याच्या शेजारून निघाली आणि माणसांना बाजूला सारत थेट पुढे गेली.

"पहिली मी."

"बघा, याला म्हणतात निष्ठा!" मेनिप्पसने घण तिच्या हातात दिला. "पण घाव एकच हं, बाई. बाकीच्यांनाही ठेव."

"रोज देखणा वाटायचा ना तुला?" तातिया मागून म्हणाली. लोक हसले.

आफिया गुडघ्यांवर बसली. तिने भुवईतल्या खोकेवरून अंगठा फिरवला. मग मान वळवून नवऱ्याला हाक मारली.

"अहो, इकडे या. दोन्ही डोळे एका घावात जायला हवेत. कुठे मारू?"

पापियास आला. त्याने बोटाने नेमकी जागा दाखवली: नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांच्या मधोमध.

घाव बसला. डोळ्यांच्या जागी पांढरा, खडबडीत पट्टा उरला. ओठ तसाच राहिला, जरासा वर उचललेला. मेनिप्पसने यादीत खूण केली.

आफियाने उठून घण तातियापुढे धरला.

"घे," ती म्हणाली. "आता तू."