शालिग्रामची झोप

"माय वो, याले झोप म्हणावं का सोंग?" वांग्याच्या सरीत वाकलेली शेजारीण सुभद्राबाई पुटपुटली. "आमचं कार्टं दिवसभर बोंबलते. याचा आवाज म्हून निघत नाही."

शेजारच्याच सरीत झुंबर होती, दोघींच्या मधे एक झाड. हे तिला ऐकू जावं म्हणूनच पुटपुटलेलं होतं.

"गुणाचा हाय वो काकू," झुंबर म्हणाली.

गुणाचा म्हणजे किती, तर झुंबरचा चार महिन्यांचा शालिग्राम सकाळी बाभळीला बांधलेल्या झोळीत टाकला की दिवस कलेपर्यंत हूं नाही की चूं नाही. त्याचा बाप पंजाबराव मोट हाकता हाकता कौतुकानं म्हणे, "नावासारखाच हाय. ठेवला तिथं राह्यते."

हा गुण कुणाचा, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. सासू सोजराबाई रोज घुटीसाठी सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरडशेंग उगाळी, आणि शेवटी पदराआड मोहरीएवढी अफू. त्या घडीला झुंबर तव्यावरच्या भाकरीकडे बघे. तव्यावर भाकरी नसली तर नुसत्या तव्याकडे. सुभद्राबाईच्या कोनाड्यातही अफूची डबी होती. तिच्या पोराला ती लागू पडत नव्हती, एवढंच तिचं दुखणं. महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती, जवळच्या धाड गावी डॉक्टर आला होता. पण बायकांनी दिवसभर वाकायचं तर पोरानं झोपायलाच हवं, यात काही फरक पडला नव्हता.

आज तर उद्याच्या धाडच्या बाजारासाठी अख्खा वाफा तोडायचा होता. सकाळी झुंबरनं पाहिलं, सासू आधीच मळ्यात गेलेली, सहाण धुऊन कोरडी पडलेली. म्हातारी विसरली की काय? मळा काही लांब नव्हता, जाऊन विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे ते नाव तोंडानं घ्यावं लागलं असतं, आणि लग्नाला तीन वर्षं होऊनही या घरात ते कुणी घेतलं नव्हतं. तिनं कोनाड्यातली डबी काढली, एक कण बोटावर दुधात कालवला आणि पोराच्या तोंडात बोट दिलं.

दुपारी पान्ह्यानं चोळी भिजली. पदराखाली घेतलं, तर पोरानं तोंड मिटलंच नाही. दूध गालावरून कानात गेलं. दिवस कलला तेव्हा त्याची मान एका बाजूला पडली होती आणि नखं जांभळी झाली होती.

"ऊन लागलं असंल," पंजाबराव म्हणाला. मार्गशीर्षातलं ऊन!

"नजर लागली," सुभद्राबाई म्हणाली आणि खाली बघत राहिली.

सोजराबाई पोराच्या तळव्यांना कांदा चोळत होती. बैलगाडीत बाजाराची वांगी भरलेली होती. ती उतरवायला वेळ नव्हता. सगळे टोपल्यांवरच बसून धाडला गेले.

डॉक्टरांनी पोराची पापणी वर केली. बुबुळातला काळा ठिपका आकसून तिळाएवढा झालेला.

"काय दिलं याला?"

"घुटी," पंजाबराव म्हणाला.

"घुटीत काय होतं?"

पंजाबराव छताच्या पत्र्याकडे बघू लागला.

"अहो, काय दिलं, किती दिलं, कधी दिलं, हे कळल्याशिवाय मी कशावर औषध करू? याचा श्वास मंदावत चाललाय."

सोजराबाईनं पदर तोंडाला लावला. "पहाटेच पाजली, बाप्पा, घुटी. रोजच्यासारखीच. तेवढ्यानं असं होत नाही. चार लेकरं वाढवली म्या."

पहाटे! म्हणजे सहाण धुतली होती ती घुटी पाजूनच. म्हातारी आता झुंबरकडेच बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसती भीती होती. पोराची छाती वर आली, आणि बऱ्याच वेळानं खाली गेली.

"अफू," झुंबर म्हणाली. "पहाटे आत्याबाईनं देली, मोहरीएवढी. अन् सकाळी म्याबी देली. दोघीनंबी देली, डॉक्टरसाहेब. एकमेकीले इचारलं नाही."